बेंबळीची धावपट्टी

गेल्या मार्चमध्ये, दिवस मावळून अंधार पडल्यावर, धाराशिवच्या धावपट्टीकडे येणारे एक लहान विमान जवळच्या बेंबळी गावाच्या बाजूला वळले आणि थोड्या वेळाने पुन्हा रेषेवर आले. विमानात तिघे होते. चालवत होते कॅप्टन शिवलिंग हत्तरगे. शेजारी परीक्षक. मागच्या सीटवर मी.

हत्तरगे सर आमच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रातले सर्वांत जुने शिक्षक. मी त्यांच्या हाताखालचा कनिष्ठ शिक्षक, पुण्याहून आलेला. सर मूळचे बेंबळीचे. विमानात बसले की आधी उंची दाखवणाऱ्या तबकडीच्या काचेवर बोटाने टकटक करत, बाजारात कलिंगड वाजवून बघावे तसे. आवाज पटला की म्हणत, "पिकलंय. चला."

त्यांचा विषय एकच: खिडकीबाहेर न बघता, केवळ उपकरणांवरून विमान धावपट्टीपर्यंत आणणे. सरावासाठी वैमानिकाच्या कपाळावर एक लांब झापड बांधतात. तिच्याखालून फक्त समोरची उपकरणे दिसतात. बाहेर लक्ष ठेवायला शेजारी दुसरा वैमानिक असतो. त्यांतल्या एका तबकडीतला उभा काटा मधोमध असला म्हणजे विमान धावपट्टीच्या रेषेत. काटा डावीकडे सरकला की आपणही डावीकडे जायचे.

सरांचा पहिला पाठ जमिनीवर होई. विद्यार्थ्याच्या डोक्यावर टॉवेल टाकून ते त्याला मैदानात चालवत आणि मागून दिशा सांगत. एकदा लातूरचा एक विद्यार्थी सरळ चहाच्या गाड्यावर गेला. सर कपबशा गोळा करत म्हणाले, "म्या डावीकडं म्हणलो, तुला चहा दिसला. टॉवेलाखालून बघतो व्हय रे?"

"खिडकी म्हंजी मावशी आन् काटा म्हंजी सासू," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. "मावशी लई लाड करती. पण घर सासूच्या शब्दावर चालतं."

सर स्वतः मात्र मावशीकडे जात.

हे मला त्यांच्या शेजारी बसल्यावर कळले. सरांच्या कपाळावर झापड होती, नजर उपकरणांवर असायला हवी होती. ते म्हणाले, "बेंबळीत लाईट आली बघा."

"सर, तुम्हाला कसं दिसलं?"

"वास आला."

थोड्या वेळाने त्यांनी कबूल केले. त्यांचे धाकटे भाऊ बसवराज यांचा गोठा बेंबळीच्या शिवारात. आमची विमाने शेवटचे वळण घ्यायची ती त्याच अंगाला. सरांचे रात्रीचे उड्डाण असले की बसवराज गोठ्यावरचा बल्ब चालू ठेवत. सर झापडेखालून तो बल्ब शोधत, तो डाव्या पंखाखाली आला की वळत, आणि काटा आपोआप मधोमध येई.

"पुणेकर, ह्याला अनुभव म्हणत्यात," ते म्हणाले.

शिक्षकांनाही ठरावीक काळाने उड्डाणाची परीक्षा द्यावी लागते. आधीच्या परीक्षकाने याला बाहेर बघणे म्हटले आणि सरांना नापास केले. मार्चची परीक्षा ही दुसरी संधी होती. ती गेली असती तर सरांचे उड्डाण शिकवणे बंद होऊन फक्त वर्ग घेणे उरले असते. "फळ्यावर इमान काढायचं आन् खडूनं उडवायचं," सर म्हणत.

परीक्षेच्या दुपारी बसवराज यांचा फोन आला. "अण्णा, तुमी काळजी करू नका. आज लाईट चांगली लावतो."

अंधार पडल्यावर आम्ही उडालो. सरांनी झापड बांधली. शेवटच्या वळणानंतर काटा डावीकडे सरकू लागला, पण विमान उजवीकडे वळले. मी बाहेर पाहिले. वळणानंतर उजव्या हाताला आलेल्या बेंबळीच्या काळ्या शिवारात पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या दोन सरळ ओळी होत्या. आमच्या धावपट्टीपेक्षा त्या जास्त उजळ होत्या. मागच्या सीटवरच्या माणसाने बोलायचे नाही, असा नियम आहे. परीक्षकांची नजर काट्यावर होती.

काटा डावीकडच्या टोकाला टेकत आला. सरांची मान खिडकीकडे कललेली होती. मग ती सरळ झाली. त्यांनी झापड आणखी खाली ओढली, हनुवटी छातीला टेकवली आणि पुटपुटले, "सासूबाई, तुमी म्हणाल तसं."

विमान डावीकडे वळले. काटा सावकाश मधोमध आला आणि तिथेच राहिला. ठरलेल्या उंचीवर परीक्षक म्हणाले, "काढा." सरांनी झापड काढली. धावपट्टी समोर होती.

उतरल्यावर परीक्षकांनी विचारले, "तिकडे खाली लग्न होतं का?"

"व्हय सर. घरचंच."

"मग तुम्ही गेला नाहीत?"

"थोडक्यात राह्यलं."

परीक्षकांनी कागदावर सही केली. "ज्या क्षणी तुम्ही काट्याकडे वळलात, त्या क्षणी पास झालात," ते म्हणाले. "त्याआधीचं मला आवडलेलं नाही."

ते गेल्यावर सरांचा फोन वाजला. बसवराज यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्यांनी मंडपवाल्याचे हॅलोजन आणून ज्वारी काढलेल्या रानात दोन ओळींत लावले होते, विमानतळावर असतात तसे.

"अण्णा, उतरला का न्हाई? समदं गाव हार घिऊन हुबं हाय."

"बस्या," सर म्हणाले, "त्ये आधी बंद कर. अजून कोन तर उतरंल."

दुसऱ्या दिवशी मी सरांबरोबर बेंबळीला गेलो. हॅलोजन मंडपवाल्याने परत नेले होते. पेढे संपले होते. हार म्हशीने खाल्ला होता.