किल्ली गळ्यात घालणारी बाई

ओल्ड एअरपोर्ट नावाच्या आमच्या वस्तीतल्या बागेत सकाळी वसईच्या एक बाई माझ्या बाकावर बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात क्रूस आणि त्याच दोऱ्यात एक किल्ली. बोलताना मूठ किल्लीवर.

एकदा सरळ विचारलं, "ही कसली किल्ली?"

"अमेरिकेतल्या मुलाच्या बंदुकीच्या कपाटाची. शहरात होता तोवर ओळखीत एक-दोघांकडेच बंदूक होती. मग खेड्यात घर घेतलं. तिथे आपल्याकडे कोयता असतो तशी घरोघर बंदूक. यानेही आणली."

"मग तुमच्याकडे कशी?"

"सून कॅन्सरने गेली. तो जेवेना, बोलेना. माझा व्हिसा संपला, तेव्हा कपाटाला कुलूप घालून किल्ली घेऊन इथे मुलीकडे आले. रोज फोनवर मागतो. मी सांगते, इथे ये, मग बघू."

"कपाट फोडेल की."

"फोडायला वेळ लागतो, भाऊ. तेवढ्या वेळात माणसाचं मन फिरतं."

माझी बायको जाऊन आठ महिने झाले. सुरुवातीला माझ्या डोक्यात काय येत होतं, ते पोरालाही सांगितलेलं नाही. घरात बंदूक नव्हती, एवढंच.

मी म्हटलं, "फोन लावा त्याला. मी बोलतो."

बाईंनी लावून दिला.

"बाबा रे, माझीही गेली. जेवलास का?"

तो म्हणाला, "नाही, काका."

"मग ऊठ, भात टाक. शिजेपर्यंत मी फोन ठेवत नाही."