चालीपुरते शब्द

चिनी पॉप गाण्यांच्या चाली बांधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मला चिनी येत नाही. हे सांगितलं की लोक मी चोरी कबूल केल्यासारखे बघतात. पण त्या धंद्यात चाल आधी विकत घेतात, शब्द मागाहून तिकडचा गीतकार लिहितो. ब्रिस्टलमधल्या माझ्या अडगळीच्या बॉक्सरूममध्ये जन्मलेल्या चालींवर तैपेईतली पोरं प्रेमभंग साजरा करतात. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांत कोणी विचारलं, तर आई "ती आयटीत आहे" म्हणून मोकळी होते.

चाल पाठवताना ती गाऊन पाठवावी लागते. शब्द काहीही चालतात. बाकीचे ला-ला करतात, मी मराठीत गाते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एका गाजलेल्या विरहगीताच्या मुळाशी 'भेंडी चिकट झालीय' आहे. गायिकेला ते ठाऊक नाही, आणि ती फार आर्त गाते.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. जन्मभर त्यांनी पेशंटना भूल दिली. आई रडली नाही. त्यांच्याबद्दल बोलणंच तिनं बंद केलं. मी विषय काढला, की कचऱ्याची हिरवी बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची ते सांगायची. मला तिची भीती वाटायला लागली होती. ही अशीच आतल्या आत मिटत जाणार, असं वाटायचं.

ईस्टरला मी गाडी चालवत तिला ब्रिस्टलला घेऊन येत होते. मोटरवेवर फोनमधला नव्या चालीचा डेमो गाडीच्या स्पीकरवर आपोआप सुरू झाला. त्यात चालीपुरते म्हणून मी बाबांचे सकाळचे शब्द घातले होते. 'अगं, माझा चष्मा कुठेय? अगं, किल्ली कुठेय?' मागे व्हायोलिन्स. मी बंद करायला हात पुढे केला, तो आईनं बाजूला सारला.

"हे चायनीजमध्ये जाणार?"

"हो. एका सिंगरनं घेतलंय. ब्रेकअपचं करणारेत."

"करू देत."

गाणं संपल्यावर तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं.

"नुसते विचारतायत," ती म्हणाली. "उत्तरं कुठायत?"

"चालीत जागा नाही गं."

"आहे."

खरंच होती. दोन ओळींच्या मध्ये मी श्वास घ्यायला थांबले होते. पुन्हा चष्म्याची ओळ आली, तेव्हा आई स्पीकरकडे बघून रोजच्या वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "अहो, डोक्यावर आहे."

मग ती रडली, चांगली ढसाढसा. मला इतकं हायसं वाटलं की माझी एक्झिट चुकली.