जळणारी बॅटरी

माझा स्वभाव संशयी. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघते, दुकानदाराच्या काट्याखाली वाकून बघते. माहेरी यावरून सगळे मला हसतात. एका उन्हाळ्यात मात्र मला विहिरीचाच संशय आला.

पिंपळगाव राजाजवळ माझ्या धाकट्या भावाचं शेत आहे. तिथली जुनी विहीर वापरात नव्हती. तोंडावर पत्रे टाकलेले, पाणी आटलेलं, आत पालापाचोळा कुजत पडलेला. आतली मोटार काढायला भाऊ स्वतः उतरणार होता. अशा विहिरीत आधी कंदील सोडायची आमच्याकडे रीत आहे. दिवा जळत राहिला तरच माणूस उतरतो. पण आता कंदील कुणाच्या घरात असतो? भावानं बादलीत बॅटरी ठेवली आणि दोर सोडला. तळाशी उजेड दिसला, तरी मी त्याला उतरू देईना.

"जळून राह्यली ना ताई? मंग काऊन अडवून राह्यली?"

आमच्याकडे बॅटरीसुद्धा 'जळते', दिव्यासारखीच. त्या शब्दानंच त्याला फसवलं होतं. बॅटरीला हवा लागत नाही. दिव्याला लागते, आपल्यालाही लागते. श्वासातला प्राणवायू फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि रक्तातला नकोसा वायू उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. पाला कुजवणारे जंतूही हीच देवघेव करतात. त्यांनी आतला प्राणवायू संपवला असेल आणि त्यांचा जड वायू तळाशी साचला असेल, तर? पत्रे काढले तरी आतून एक डास वर आला नव्हता. मला ते लक्षण मुळीच आवडलं नाही.

"मले दिवा लावून दाखव, मंग जाय."

"तुले तं देवाचाही संशय येते," असं पुटपुटत त्यानं बादली वर ओढली. भावजयीनं शेतातल्या घरातून देवघरातला दिवा आणला आणि लावून बादलीत बॅटरीशेजारी ठेवला. बादली निम्म्यावर गेली आणि दिवा विझला.

"वाऱ्यानं इझला असंन."

"इहिरीत कुठला वारा बे?"

पुन्हा लावला, पुन्हा तिथंच विझला. भावानं काठावरून आत सोडलेले पाय वर घेतले. मी त्याचा दंड घट्ट धरून ठेवला.

दोर त्याच्या हातून सुटला होता. बादली तळाला गेली होती आणि तिथं बॅटरी लख्ख जळत होती. तो उतरला असता, तर त्याच उजेडात आम्हाला तो पडलेला दिसला असता.