गावंडेसाहेबांनी घातलेली मर्यादा

सात जानेवारी, सकाळी सव्वाअकरा. आमच्या कंपनीच्या सभागृहात संचालकांनी जाहीर केले की आमच्या गिऱ्हाईक रुग्णालयाच्या डिस्कवरचे रुग्णांचे स्कॅन गेले ते श्री. रमेश गावंडे यांनी लिहिलेल्या जुन्या ड्रायव्हर प्रोग्रॅममुळे. निवृत्त झालेल्या गावंडेसाहेबांना मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवले होते. साठी पूर्ण व्हायला त्यांना महिना उरला होता. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने हा विषय टाळण्याची मला सूचना केली. मीही निवृत्त आहे. माझी बढती आता कोणी अडवू शकत नाही.

मी चाचणी विभागात रुजू झाले त्या आठवड्यात ते एक डिस्क घेऊन माझ्या टेबलाशी आले. कोराडीच्या वसाहतीत वाढलेला माणूस, भाषा तिथलीच. म्हणाले, "मॅडम, हे डिस्क खोटं बोलून राहिली. तुमी पकडून द्या मले." खोटे बोलू नये एवढे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला पक्के शिकवले होते, त्यामुळे काम आवडले.

काम असे होते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क यांच्यामधला प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. एका खेपेत जास्तीत जास्त किती माहिती पाठवायची, ही मर्यादा तो घालतो. डिस्क स्वतःचा आकडा सांगते आणि बहुतेक लोक तो निमूट मानतात. गावंडेसाहेब मानत नसत. काही डिस्कांची जोडणीची चिप मोठी खेप घेते, मिळाली म्हणते आणि शेवटचा तुकडा गाळते. परत वाचेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. म्हणून ते डिस्क काठोकाठ भरायला लावत, वीज तोडत, मग सगळे परत वाचून घेत. चाचणी विभाग हो म्हणेपर्यंत मर्यादा वाढत नसे.

विक्री विभाग याला 'गावंडे ब्रेक' म्हणे. गिऱ्हाईक पळते अशी तक्रार विक्रीप्रमुखांनी केली, तेव्हा साहेब म्हणाले, "पळू द्या. परत येईन तं त्याचा डेटा तरी राहीन."

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रोज संध्याकाळी फोन करून त्यांनी मला चाचणीचे निकाल वाचून दाखवले. माझ्या नावावर दुसऱ्या कोणी हो म्हटलेले त्यांना चालले नसते.

ते निवृत्त झाल्यावर नव्या मंडळींनी डिस्क सांगते तीच मर्यादा ठेवली. प्रात्यक्षिकात वेग छान दिसला. माझ्या जागी आलेल्या मुलीने परत वाचून पाहायला वेळ मागितला, तो दिला नाही. सभेनंतर तिने त्याच डिस्कवर दोन्ही मर्यादा लावून पाहिल्या. साहेबांच्या मर्यादेने सगळे परत आले. नव्या मर्यादेने शेपूट गायब.

स्कॅन गेलेल्यांपैकी एक रुग्ण कळमेश्वरचे होते. अर्धे चित्र काळे. जुन्या गाठीशी नवी ताडून पाहता येईना, ऑपरेशन लांबले. संक्रांतीनंतर ते गेले.

गावंडेसाहेब त्यांच्या घरी भेटायला निघाले, म्हणून मीही गेले. त्या रुग्णाच्या पत्नीने साहेबांना विचारले, "ज्याच्यानं फोटो गेले ते तुमीच काय?"

साहेब हो म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सोडले नाही. खरे का सांगितले नाहीत, तुम्हाला हौस आहे का, असे बरेच बोलले. त्यांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिले, "मॅडम, तिचा माणूस गेला. तिच्यासमोर माह्या नावाची सफाई देत बसू?"

त्या दिवसापासून ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. सत्कारालाही नको म्हणतात.

ते जे बोलणार नाहीत, ते संचालकांनी बोलावे. साहेबांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना आहेच. पण ते आयुष्य दुसऱ्याचा दोष डोक्यावर घेऊन काढायचे नाही. मर्यादा कोणी वाढवली आणि चाचणी कोणी नाकारली, हे संचालकांनी सहीनिशी लिहून द्यावे. पहिली प्रत कळमेश्वरच्या त्या बाईंना, दुसरी या ग्रंथाच्या संपादकांना. एकतीस जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी खेद चालणार नाही.