परत आल्याची तारीख

या ग्रुपवर मी आले ती लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांतल्या चुका काढायला. 'आरशात बाई दिसली' असं कुणी लिहिलं की 'दिवा कुठल्या बाजूला होता?' असं विचारणारी ती खवट बाई मीच. ज्यांनी ज्यांनी मला शिव्या घातल्यात, त्यांना आज मजा येईल. कारण आज मलाच लिहायचंय... आणि मला खरोखर भीती वाटतेय.

लालबागला आई आणि मी राहतो. फोर्टातल्या एका ऑफिसात डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. आमच्या चाळीमागच्या गल्लीत एका मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र आहे – तळमजल्यावरची एक खोली. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, एअरबेड... घरात आजारपण आलं की न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. पोस्टातून रिटायर झालेले सावंतकाका ते चालवतात. केंद्राचा एकच कडक नियम आहे – वस्तू परत आली की 'का आणली' हे विचारायचं नाही. माणूस बरा झाला असेल तर घरचे आपणहून सांगतात, पेढे देतात. नसेल तर वस्तू टेकवून गुपचूप निघतात. अशा वेळी काका 'या' म्हणत नाहीत, नुसते हात जोडतात.

काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मीच त्यांना दोन फॉर्म करून दिले होते. एकात रुग्णाचं नाव-पत्ता. दुसऱ्यात वस्तूचा नंबर, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. काका पहिला भरायचे, नंबर कागदावर उतरवायचे, मग दुसरा उघडून तो नंबर शोधायचे आणि हमखास घोळ घालायचे. शेवटी एका शनिवारी दुपारी मी दोन्ही फॉर्म जोडून टाकले. रुग्णाच्या फॉर्मवर एक बटण ठेवलं, 'वस्तू दाखवा'. ते दाबलं की वस्तूच्या नंबरावरून दुसरा फॉर्म उघडणार. अगदी पोरखेळ हो, शिकाऊ मुलंसुद्धा करतात.

त्याच दुपारी एक बाई सासूबाईंसाठी कमोडची खुर्ची न्यायला आल्या. काकांनी नाव भरलं, बटण दाबलं, दुसरा फॉर्म उघडला... आणि 'परत आल्याची तारीख' ही चौकट रिकामी असायला हवी, तिथे पुढच्या आठवड्यातली तारीख होती.

"काका, हे काय टाईप केलंत?"

"मी खय काय केलंय गो? हात तरी लावलाय काय मी?"

मी तारीख खोडली, बाईंना खुर्ची दिली. फॉर्म आपोआप काही भरत असेल म्हणून डिफॉल्ट व्हॅल्यू पाहिली – काही नव्हती. दोन्ही फॉर्म पुसून बटणासकट नव्याने बनवले आणि विसरून गेले. पुढच्या आठवड्यात बरोबर त्याच दिवशी खुर्ची परत आली. बाई काही बोलल्या नाहीत. काकांनी हात जोडले.

मग कुबड्यांचं तसंच झालं. त्या मात्र एक कॉलेजकुमार स्वतः चालत घेऊन आला, वर पेढेही दिले. त्यामुळे मी हसले. म्हटलं, आपला फॉर्म निदान पक्षपाती तरी नाही! पण तारीख तीच होती, जी मी आधीच पाहून खोडली होती. काका पेढा हातात घेऊन नुसते उभे राहिले.

यानंतर महिन्याभरात आई मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी निदान दोन महिने वॉकर सक्तीचा केला. मी केंद्रात गेले. काकांनी आईचं नाव भरलं. मी म्हणतच होते, "काका, बटण नका दाबू," पण त्यांना आता सवय झाली होती.

तारीख होती येत्या गुरुवारची.

आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो. दोन महिन्यांचा वॉकर पाच-सहा दिवसांत का परत येईल? आई काही गुरुवारपर्यंत धावायला लागणार नव्हती. काकांनी तारीख खोडली आणि माझ्याकडे न बघताच वॉकर उचलून दिला.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आई जरा जास्त झोपली तरी मी तिच्या नाकाशी हात धरून बघत होते. ती चिडायची, "काय गो मंजू, मी मेलंय की काय?" मी आतल्या खोलीत जाऊन रडायचे. मंगळवारी तिला बारीक ताप आला, मग मात्र माझा धीर सुटला. बुधवारी सकाळी परळला जाऊन सर्जिकलच्या दुकानातून नवा कोरा वॉकर विकत आणला आणि केंद्राचा वॉकर काकांच्या हवाली केला. परत आला ना? बुधवारीच आला ना? झाली तारीख खोटी! संध्याकाळी आईचा ताप उतरला. तिने पोटभर पेज खाल्ली आणि मी कितीतरी दिवसांनी सुखाने झोपले.

गुरुवारी दुपारी काकांचा फोन आला.

"मंजू, तो वॉकर परत इलो."

"मी कालच दिला की तुम्हाला."

"काल तुझ्यामागून एक गृहस्थ आले होते, भावासाठी. दुसरो वॉकर शिल्लक नव्हतो, म्हणून तोच दिलंय. आता त्या भावाचो मुलगो ठेवन गेलो."

"का?"

"मी इचारूक नाय. पण पायात चप्पल नव्हती त्याच्या."

बटण दाबल्यावर काल काय दिसलं होतं, हे मी विचारलं. तीच गुरुवारची तारीख. त्यांनी ती खोडून वॉकर दिला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी फॉर्म जोडले होते ते वस्तूच्या नंबरावरून, रुग्णाच्या नाही. ती तारीख आईची नव्हतीच. वॉकरची होती. तो त्या दिवशी ज्याच्या घरात असेल, त्याच्या घरून परत यायचा होता. मग मी बुधवारी तो हलवला नसता तर? या प्रश्नाच्या पुढे माझं डोकं चालत नाही. त्याच संध्याकाळी केंद्रात जाऊन मी बटण काढलं, जोडणी तोडली. काका पुन्हा कागदावर नंबर लिहायला लागले.

कुणाला काही उलगडा होत असेल तर जरूर सांगा. फक्त व्हायरस आणि कॉम्प्युटरच्या घड्याळाचं सांगू नका, ते सगळं मी तपासलंय. मला स्वतःला आजही काही कळलेलं नाही.

आज हे लिहायला बसले, कारण आई आता काठीवर छान चालते. गेले काही दिवस तिचं एकच पालुपद – "माका आता वॉकर नको गो. केंद्रात देवन टाक, कोणाच्यातरी उपयोगाक येतलो." मी टाळत होते. तिथे गेला की त्याला नंबर मिळणार. तर काल तिने परस्पर काकांनाच फोन लावला. शनिवारी काका न्यायला येणार, तोवर रात्री उठताना आधाराला म्हणून तो तिच्याकडेच राहणार असं ठरलं.

आज सकाळी काकांचा मला फोन. आवाज बारीक.

"मंजू, मी नव्या वॉकराक नंबर घातलंय. सध्या तुझ्या आवशीकडे आसा, म्हणून तिचा नाव लिहिलंय. ...तू ता बटण परत लावलंस?"

"नाही. का?"

"दुसरो फॉर्म आपसूक उघडलो."

"काका, तारीख कुठली आहे?"

ते म्हणाले, "आपण इचारत नाय, बाय," आणि फोन ठेवला.

तारीख लांबची असती, तर काकांनी सांगितली असती. आईने वॉकर ओल्या फडक्याने पुसून दाराशी आणून ठेवलाय.