पाचूरचे सूत्रधार

सूत्रधारांचा आवाज आधी कानावर पडायचा, माणूस नंतर दिसायचा. बँकेतल्या नोकरीसाठी मी सुरतेला आले आणि डिंडोलीत एका इमारतीत खोली घेतली, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारची गोष्ट. सकाळी खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. "फाटक लावा! अरे, फाटक लावा, आग आत येतेय!" मी हातातलं पातेलं तसंच टाकून जिना उतरले. खालचं दार सताड उघडं होतं. आत सतरंजीवर तीन मोठी माणसं एका परातीभोवती बसली होती आणि परातीत रंगीबेरंगी, नाना कोनांचे फासे पडले होते. आग कुठेच नव्हती.

ओरडणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "तीर चालवता येतो का?"

"नाही."

"शिकशील. बैस. उत्तरेच्या फाटकावर माणूस कमी पडतोय."

मी बसले. पुढची चार-पाच वर्षं माझा एकही रविवार दुसरीकडे गेला नाही.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. दूधवालासुद्धा "सूत्रधार, दूध!" अशीच हाक मारी. मूळचे खानदेशचे, तरुणपणी एक पत्र्याची पेटी घेऊन पोटासाठी सुरतेला आलेले, आणि शहराबाहेरच्या सचिन गावात, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर. मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याचे खेळाचे फासे घरीच राहिले. हे कशाचे, असं यांनी फोनवर विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. अडचण आली की फासा टाकायचा." एवढं त्यांना पुरलं. महिनाभरात त्यांनी मनातल्या मनात एक आख्खं जंगल उभं केलं, त्यात टोकदार कानांचे, हजार वर्षं जगणारे एल्फ वसवले आणि त्या राज्याला नाव दिलं पाचूर. हे नाव पाचूवरून आलं की त्यांच्या जळगावकडच्या पाचोऱ्यावरून, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

खेळायला आम्ही तिघं. लेस आणि जरीच्या पट्ट्या विकणारा जिग्नेश हा पाचूरचा सेनापती. महापालिकेच्या मराठी शाळेतल्या कुलकर्णीबाई राजवैद्य. मी फाटकावरून चढत चढत सीमारक्षक झाले. सूत्रधारांच्या पत्नी, म्हणजे काकू, मात्र कधी परातीजवळ आल्या नाहीत. त्या चहा आणून ठेवत आणि एल्फांना 'कानवाले' म्हणत.

पाचूर कसं उभं राहिलं, हे सूत्रधारांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. पहिले एल्फ ओंजळीत एकच बी घेऊन माळावर आले. त्यांनी ते पेरलं आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्याशेजारी बसून गायले. त्या गाण्यानं थोरला वृक्ष वाढला. त्याच्या फांद्या वळून घरं झाली, वेलींचे पूल झाले, शेंड्यावर राणी चंद्रावळचा महाल झाला. सूत्रधार नुसतं 'हिरवं जंगल' असं कधी म्हणत नसत. "इथं पोपटी सुरू होतो. जरा आत गेलात की मेहंदी. आणि थोरल्या वृक्षाखाली बाटलीचा हिरवा, जाड, थंड. हात घातला तर ओला निघेल." मी खरोखर हात मागे घेतला होता, हे आठवतं.

प्रसंग रंगला, की ते एकदम थांबत, मिशीवरून हात फिरवत आणि अहिराणीत विचारत, "आते काय करशात?" आता काय कराल? बस, या प्रश्नानं आमची झोप उडे. जिग्नेश उठून उभा राही. कुलकर्णीबाई एरवी इतक्या सौम्य, पण एकदा सापसैन्य पुलावर चढलं तेव्हा किंचाळल्या, "पूल कापा! मी आहे ना पलीकडे, माझा विचार करू नका!" पूल कापला. बाई फाशाच्या कृपेनं वाचल्या. त्या आनंदात जिग्नेशनं अख्ख्या मजल्याला सुरतेची तुपाळ घारी मिठाई वाटली.

सगळं असं भरात होतं. मधेच कधीतरी डोंगरपायथ्याच्या माणसांचा एक म्हातारा दूत पाचूरच्या दरबारात आला. म्हणाला, थोरल्या वृक्षाच्या मुळांशी येणारा झरा आटतोय. तुम्ही आणि आम्ही मिळून वरून पाट खणू. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा पश्चिमेला ड्रॅगन दिसला होता. पाट कोण खणणार? जिग्नेश ऐटीत म्हणाला, "दूताला सांगा, पुढच्या हिवाळ्यात बघू. आमचं आयुष्य हजार वर्षांचं आहे." दूत परत गेला. तो पुढेही आला, दर वेळी जास्त वाकलेला. एकदा राणीचा उत्सव होता, एकदा युद्ध होतं. शेवटी त्याच्या जागी त्याचा नातू आला. आम्ही त्यालाही हिवाळ्याचा वायदा दिला.

मग एका रविवारी सूत्रधार हळू आवाजात बोलायला लागले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. सकाळ आहे, म्हणाले. वारा नाही. शत्रू नाही. थोरल्या वृक्षाचं एक पान गळलं, मग दुसरं, मग सगळीच. मुळं कोरडी पडली होती. फांदी मोडली, महाल कलला, पूल तुटले.

"ना ना ना, आवुं नहीं चाले! असं नाही चालायचं!" जिग्नेश ओरडला. त्यानं फासे उचलले. "मी टाकतो! थांबा, मी टाकतो!"

"टाक," सूत्रधार म्हणाले. "कुणावर टाकतोस?"

जिग्नेशची मूठ तशीच वर राहिली. समोर कुणी नव्हतंच. कुलकर्णीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. राणी चंद्रावळ शेवटपर्यंत खाली उतरली नाही. उरलेले एल्फ चार दिशांना निघून गेले, आणि पाचूर संपलं.

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी विचारलं, "तुमना कानवाला बुडनात का?"

"बुडाले," सूत्रधार म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात बघू म्हणत बुडाले."

काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवले. "आणि तुमचं डांगचं जंगल? लग्न झाल्यापासून ऐकतेय, पुढच्या हिवाळ्यात जाऊ."

आम्ही तिघंही सूत्रधारांकडे बघायला लागलो. डांग सुरतेपासून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ. आयुष्यभर जंगल सांगणाऱ्या या माणसानं खरं जंगल पाहिलंच नव्हतं! आधी मिलची पाळी, मग मुलाची शाळा, मग आमचे रविवार. सूत्रधार कानापर्यंत लाल झाले. मग एकदम हसत सुटले आणि जिग्नेशला म्हणाले, "सेनापती, गाडी आहे ना तुझी?"

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. श्रावण चालू होता. काकूंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. डांगच्या वेशीवरचं वघई गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी साग अंगावर आला, तसे सूत्रधार खिडकीतून अर्धे बाहेर. "थांबव! थांबव रे!" गाडी पुरती थांबायच्या आत ते उतरले आणि चिखलातून धावत सुटले. साठीचा माणूस या झाडाकडून त्या झाडाकडे. "हा बघ! हा हिरवा मला मिलमध्ये कधी निघाला नाही! आणि हा? याला नावच नाही!"

त्यांनी सागाचं एक कोवळं पान तोडून तळहातावर चोळलं. हात लालभडक झाला. ते बघतच राहिले. "हिरव्याच्या पोटात लाल," ते पुटपुटले. मग मोठ्यानं ओरडले, "अगं, इकडे ये! हिरव्याच्या पोटात लाल आहे! मला हे आधी कळायला हवं होतं!"

"आधी आला असतात तर कळलं असतं," काकू म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनीही एक पान चोळलं. दोघं लाल हात घेऊन त्या सागाखाली उभे राहिले आणि नवीन लग्न झाल्यासारखे हसत सुटले. परतीच्या वाटेवर सूत्रधारांनी कुणाला बोलूच दिलं नाही. पुढचं राज्य कसं असेल, ते सांगत होते.

ते राज्य मात्र सुरू झालं नाही. दिवाळी झाली आणि एका सकाळी चहा घेताना सूत्रधारांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मिलमधली इतकी माणसं आली, की जिना भरून खाली रस्त्यापर्यंत रांग गेली. मुलगा पुण्याहून आला, दिवस करून परत गेला. आईला चल म्हणाला, पण काकू गेल्या नाहीत.

त्यानंतरचे काही रविवार फार वाईट गेले. खाली जायचं, काकूंजवळ बसायचं, चहा घ्यायचा आणि यायचं. फासे कपाटावर होते, तिकडे कुणी बघत नसे.

असंच एकदा बसलो असताना काकू उठल्या, परात घेऊन आल्या आणि सतरंजीवर ठेवली. त्यांनी भिंतीला पाठ टेकली, जिथे सूत्रधार बसत तिथे.

"तुमचं राज्य बुडालं," त्या म्हणाल्या, "पण चार दिशांना जी माणसं गेली, ती कुठे गेली, हे तुम्ही ह्यांना कधी विचारलंच नाही."

जिग्नेश सरसावून बसला. कुलकर्णीबाईंनी चष्मा नीट केला.

"त्यातली काही तापीच्या काठाकाठानं चालत इथे आली. सुरतेला. काम मिळेल असं ऐकलं होतं. जवळ एक पत्र्याची पेटी. इथे शेजारच्या नवागामला खोली बघायला गेली." काकूंचा आवाज लहान होता, पण जरासाही डळमळत नव्हता. "घरमालकानं त्यांची बोली ऐकली, कान बघितले, आणि खोली नाही म्हणून दार लावून घेतलं. संध्याकाळ होत आली होती. बाईच्या कडेवर पोर होतं."

त्या थांबल्या. आमच्या तिघांच्याही माना पुढे झाल्या होत्या. जिग्नेश तर गुडघ्यांवर उभा राहिला होता.

"मी दार वाजवते!" मी ओरडले. "काकू, मी परत दार वाजवते!"

काकूंनी फासा माझ्या हातात ठेवला. "टाक," त्या म्हणाल्या.