न घेतलेली पोच

लग्नाला आठ वर्षं झाली, दोन मुलं झाली, तेव्हा कुठे मला कळलं की आपली बायको सरकारदरबारी परकी आहे. म्हणजे माहीत होतं, पण कळलं नव्हतं. वर्षातून एकदा आम्ही काष्टीहून एसटीनं नगरला जायचो, पोलिसांच्या कचेरीत हिच्या राहण्याच्या परवान्यावर आणखी वर्षभराचा शिक्का मारून घ्यायचो, कापडबाजारात मुलांसाठी कपडे बघायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. मला त्यातला कापडबाजार जास्त आठवतो.

ही कराचीची. घर मराठी, शाळा मराठी, वडील तिथल्या बंदरात नोकरीला. फाळणी झाली तेव्हा बरीच मराठी माणसं निघाली, पण हिच्या वडिलांना नोकरी सोडवेना. पुढे ते वारले, आई गेली, आणि ही पाकिस्तानच्या पासपोर्टवर श्रीगोंद्याला मावशीकडे आली. मी काष्टीच्या शाळेत मास्तर. वर्षभरात आमचं लग्न झालं. सप्तपदी झाली, माझं आडनाव लागलं, आता हिला नागरिक व्हायला आणखी काय करायचं राहिलं, अशी माझी समजूत. आळशी माणसाची समजूत नेहमी त्याच्या सोयीची असते.

एकाहत्तर साली मात्र कचेरीतल्या साहेबानं परवाना हातात घेतला आणि शिक्का मारलाच नाही. यंदा मुदतवाढ नाही म्हणाला. मुदत कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याच्या आत कलेक्टर कचेरीत नागरिकत्वाचा अर्ज दाखल झाला, तर निकाल लागेपर्यंत बाई इथेच राहतील. नाही झाला तर त्यांना परत पाठवावं लागेल. साहेबाचा आवाज चढला नाही की उतरला नाही. मी विचारलं, परत म्हणजे कुठं? तो म्हणाला, पासपोर्ट जिथला आहे तिथं. कराचीत आता हिचं कुत्रंसुद्धा ओळखीचं उरलं नव्हतं. येताना गाडीत मीच बोलत होतो. घाबरलो की मी बोलतो.

मास्तराला दोन गोष्टींची घमेंड असते, आपल्या अक्षराची आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची. अक्षराचं काम मी चोख केलं. अर्ज, सोबतचे कागद, वकिलासमोरची प्रतिज्ञापत्रं, सगळ्याच्या दोन-दोन प्रती केल्या आणि दोन्हींवर हिच्या सह्या घेतल्या. एक प्रत पेटीत ठेवली. दुसरी घेऊन तिसऱ्या माळेच्या दिवशी श्रीगोंद्याच्या तहसील कचेरीत गेलो. कागद सरकारात जायचा म्हणजे तालुक्यावरून जायचा, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीतच असतं.

कचेरीत माझा विद्यार्थी कारकून होता. चौथीत मी त्याला पाढ्यांसाठी बडवलं होतं, आणि तो त्याचे उपकार मानायचा. मला पाहताच खुर्चीवरून उठला, सगळ्या कचेरीदेखत पाया पडला, चहा मागवला, भजी मागवली. बारनिशीच्या खिडकीपाशी, म्हणजे जिथं आलेल्या कागदावर शिक्का आणि नंबर पडतो तिथं, सात-आठ माणसं उन्हात उभी होती. मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत भजी खात होतो. निघताना पोच मागायला तोंड उघडलं, तर त्याचा चेहराच पडला.

"गुरुजी, तुमी पोच मागायची अन् मी द्यायची? मंग मी हितं कशाला हाय?"

मला माझीच लाज वाटली. तो पुढे म्हणाला की हा कागद बारनिशीत टाकला तर ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसेल. त्यापेक्षा तहसीलदार साहेबांबरोबर नगरला जाईन तेव्हा मी स्वतः हातोहात देईन. हातोहात हा शब्द ऐकून मी इतका खूश झालो की घरी येईपर्यंत तोच घोळवत होतो.

घरी आल्यावर काम झालं म्हणून सांगितलं. ही भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, पोच मिळाली का? मी भडकलो. आपल्या हाताखाली शिकलेल्या पोराकडे पोच मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं आहे, इथं माणसांचा शब्द चालतो, कागद नाही, असं बरंच काही ऐकवलं. तिनं भाकरी उलटली. मला वाटलं, पटलं तिला.

कोजागिरीला आम्ही शेजाऱ्यांबरोबर अंगणात दूध आटवलं. दुसऱ्या दिवशी काय संपतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

वसुबारसेला पत्र आलं. अर्ज मुदतीनंतर दाखल झाल्याचं दिसून येतं, तरी अर्जदारानं समक्ष हजर राहावं. मी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसलो. मग मिळेल त्या गाडीनं श्रीगोंदा गाठलं. विद्यार्थ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं. त्यानं अर्ज इतर कागदांत मिसळू नये म्हणून रुमालात बांधून आपल्या कपाटात वेगळा ठेवला होता. साहेबांची नगरची मिटिंग दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं अर्ज खरोखरच हातोहात नेऊन दिला, पण मुदत संपून तेव्हा पाच दिवस झाले होते. "तुमचा कागद म्हनून लई जपला, गुरुजी," असं म्हणून तो रडायला लागला. त्याला एक थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि दुसरी स्वतःला. मी विचारलं, त्या दिवशी खिडकीत उभे होते त्यांचे कागद कधी गेले? तो म्हणाला, चार दिवसांत. उन्हात उभी राहिलेली, ओळख नसलेली ती सगळी माणसं वेळेवर पोचली होती. एकटा मी, भजी खाणारा, राहिलो होतो.

दिवाळी कशी गेली ते विचारू नका. कचेऱ्या उघडल्या त्याच दिवशी आम्ही दोघं नगरला गेलो. मुलं मावशीकडे ठेवली. गाडीत मी हिच्याकडे बघू शकत नव्हतो.

कलेक्टर कचेरीतले अव्वल कारकून वयस्क होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. मी अर्जावर बोट ठेवून म्हणालो की ही बघा तारीख, नवरात्रातली आहे, मुदतीच्या कितीतरी आधीची. माझ्या अक्षरात होती, वळणदार.

"ही तुम्ही लिहिल्याची तारीख आहे, मास्तर," ते म्हणाले. "अर्जाची तारीख म्हणजे आमच्या आवकेच्या शिक्क्याची तारीख. कधी लिहिला, कुणाच्या कपाटात होता, त्याच्याशी सरकारचा संबंध नाही."

मी हुज्जत घातली. तालुक्याच्या सरकारी माणसाकडे दिला म्हणजे सरकारकडेच दिला की नाही? त्यांनी शांतपणे विचारलं, पोच आहे? तीस मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारा मी, पण अर्जावरचं बोट मागे घेतलं. दोन लेकरं घेऊन रिकाम्या घरात मी बसलोय, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

तेवढ्यात ही पुढे झाली. पिशवीतून तिनं बेसनाचा रिकामा छोटा डबा काढला, त्यातून एक जाडसर कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. पोस्टाचं पोचकार्ड. त्यावर ह्याच कचेरीचा शिक्का होता, कोजागिरीच्या आधी सहा दिवसांचा.

"ह्या तारखेचा अर्ज शोधा," ती म्हणाली. "तोही माझाच आहे."

पेटीतली दुसरी प्रत तिनं काष्टीच्या पोस्टातून रजिस्टरनं पाठवली होती. मी तिला व्याख्यान दिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. अव्वल कारकुनांनी चष्मा नाकावर घेतला, आवकेची नोंदवही मागवली, पानं उलटली. नोंद होती, नंबर होता. कागद भलत्याच टेबलावर गठ्ठ्यात बांधलेला सापडला. त्यांनी शिक्का वाचला आणि मुदतीनंतरचा अर्ज बाजूला सारला. म्हणाले, बाई, तुमचा अर्ज मुदतीत आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण नंतर. आधी बसला तो धक्काच. परत येताना गाडी अर्ध्या वाटेवर आली. मग मी विचारलं, माझ्यावर विश्वास नव्हता?

"तुमच्यावर होता," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण तुम्हाला कधी कुणी कुठून जा म्हटलेलं नाही."

मला वाटत होतं, आठ वर्षांत ही काष्टीची झाली. बाजारात घासाघीस करते, संक्रांतीला वाण लुटते, शेजारणींशी भांडते. आणि ती सगळा वेळ उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभी होती, आणि तिच्याच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. पुढे सव्वा महिन्यात लढाई लागली. रेडिओवर कराचीचं नाव आलं की ती उठून आत जायची, आणि मी मनातल्या मनात ते सहा दिवस मोजायचो.

प्रमाणपत्र आलं ते पुढच्या वर्षी, दुष्काळात. तालुक्यावरून माझा विद्यार्थीच ते घेऊन आला, धुतलेली टोपी घालून, पुन्हा हातोहात. वर्षभर तो आमच्या दारात आला नव्हता. हिनं त्याला बसवलं, पाणी दिलं. प्रमाणपत्र हातात घेतलं आणि नावाआधी त्यावरची तारीख वाचली. मग त्याला विचारलं, मिळाल्याची सही कुठं करू?

"काकू, सही कशाला, घरचंच..." एवढं बोलून तो थांबला.

हिनं माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि आपल्या हातानं पोच लिहिली. प्रमाणपत्र मिळालं म्हणून, खाली सही, सहीखाली तारीख. त्याचीही सही घेतली. मग दुसरा कागद घेतला आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहायला लागली. टाकातली शाई संपत आली होती, म्हणून मी दौत तिच्याकडे सरकवली.